दवाखान्यातला तिसरा माणूस

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी ओघ तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय आहे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधला दुभाषी. सुरुवात एका प्रसंगानं करतो, म्हणजे पुढचा इतिहास मी कशासाठी सांगतोय ते लक्षात येईल.

काही वर्षांपूर्वी मेळघाटाच्या बाजूच्या एका सरकारी रुग्णालयात मी ओपीडीत बसलो होतो. टेबलाच्या अलीकडे तरुण डॉक्टर, पलीकडे एक कोरकू बाई आणि मध्ये उभा तिचा मुलगा, अकरा-बारा वर्षांचा. आश्रमशाळेत शिकत असल्यामुळे त्याला मराठी येत होतं. बाईंच्या पोटात दुखत होतं. डॉक्टर विचारायचे, मुलगा आईला सांगायचा, आई बोलायची, मुलगा परत मराठीत सांगायचा. छान चाललं होतं. मग डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारलं. शेवटची पाळी कधी आली? अंगावरून जास्त जातं का? मुलानं मान खाली घातली. जरा थांबून आईला काहीतरी विचारलं. आईनं दोन शब्दांत उत्तर दिलं. मुलगा म्हणाला, "नाही म्हणते." डॉक्टरांनी तसं केसपेपरवर लिहिलं.

रांगेत मागे एक आशाताई उभ्या होत्या, त्याही कोरकूच. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, मुलानं आईला काय विचारलं हो? त्या म्हणाल्या, "अजून कुठं दुखतं का, असं विचारलं त्यानं."

म्हणजे त्या केसपेपरवर एका न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं गेलं होतं. यात चूक कोणाची? मुलाची तर नाहीच. डॉक्टरांनी प्रश्न बरोबर विचारला होता. आईनं उत्तर खरं दिलं होतं. तरी कागदावर खोटं उतरलं.

तेव्हापासून मी आरोग्यसेवेचा इतिहास वाचताना एक प्रश्न हाताशी ठेवतो. रुग्णाचं बोलणं डॉक्टरपर्यंत कोण पोचवत होतं, आणि त्या माणसाला त्या कामाचं काय मिळत होतं? आज आपण गेली दोनशे वर्षं या एका प्रश्नातून बघणार आहोत.

त्याआधी आपल्या मराठीकडे बघू. दुखणं सांगायला आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. ठणका वेगळा, ठुसठुस वेगळी, कळ वेगळी, चमक वेगळी, मुरडा वेगळा, रग वेगळी, आग वेगळी. गळू पिकलं की ठणकतं. आव झाली की मुरडा येतो. उसण भरली की चमक निघते. म्हणजे रुग्णानं नुसता शब्द उच्चारला तरी निम्मं निदान सांगून झालेलं असतं. ज्याला हे शब्द येत नाहीत तो डॉक्टर या सगळ्याचं एकच लिहितो: वेदना.

आता "अंगावर" हा एकच शब्द घ्या. बाळ अंगावर पितं, म्हणजे आईचं दूध पितं. बाईच्या अंगावरून जातं, म्हणजे रक्तस्राव होतो किंवा पांढरं जातं. आणि दुखणं अंगावर काढलं, म्हणजे उपचार न घेता सोसलं. एकाच बाईच्या तोंडी एकाच दिवशी ही तिन्ही वाक्यं येऊ शकतात. "जुलाब" बघा. जुलाब झाले हा आजार, जुलाब घेतला हे औषध. आणि "पित्त". पित्त झालंय म्हणजे छातीत जळजळतंय, आंबट पाणी येतंय. पण पित्त उठलंय म्हणजे अंगावर गांधी आल्यात. नवीन गोळी सुरू केल्यावर एखाद्या आजी म्हणाल्या, "पित्त उठलं," आणि डॉक्टरांना मराठी जेमतेम येत असेल, तर ते आम्लपित्ताची गोळी लिहून देतील. प्रत्यक्षात आजींना त्या नव्या औषधाची ॲलर्जी झालेली असू शकते. ते औषध तसंच चालू राहील.

हे "पित्त" लक्षात ठेवा, पुढे आपण याच्याकडे परत येणार आहोत.

आता इतिहास. मुंबईत १८२६ साली एक नेटिव्ह मेडिकल स्कूल सुरू झालं. डॉ. जॉन मॅक्लेनन हे तिथले प्रमुख. इथल्या मुलांना इथल्याच भाषांतून पाश्चात्त्य वैद्यक शिकवायचं, ही त्यामागची कल्पना. मॅक्लेनन यांनी त्यासाठी मराठीत वैद्यकाची भाषांतरं तयार केली. ही भानगड त्या काळी किती अवघड असेल याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा छापला गेला १८३१ मध्ये. म्हणजे कोश हातात यायच्या आधी पाठ्यपुस्तकं तयार होत होती. ही शाळा १८३२ मध्ये बंद पडली.

पुढे १८३५ मध्ये कलकत्त्याला अशीच देशी भाषांतली वैद्यकीय संस्था बंद करून इंग्रजी माध्यमाचं मेडिकल कॉलेज काढलं गेलं. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेही इंग्रजीतच. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. त्या पिढीचे डॉक्टर इंग्रजीत शिकले, पण रुग्णांशी मराठी, गुजराती, हिंदुस्थानीत बोलत होते. म्हणजे आपल्याकडचा पहिला दुभाषी खुद्द डॉक्टरच्याच डोक्यात बसलेला होता. शिक्षण एका भाषेत, तपासणी दुसऱ्या भाषेत. आजही आपले बहुतेक डॉक्टर हेच करतात, आणि या कसरतीचं श्रेय त्यांना कोणी देत नाही.

पण इंग्रजी शिकलेले डॉक्टर असे कितीसे होते? तालुक्याच्या गावी कोण जाणार? म्हणून १८६१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातच मराठी आणि गुजराती वर्ग सुरू करावे लागले. या वाटेनं तयार होणारे लोक मुख्यतः 'हॉस्पिटल असिस्टंट' म्हणून मोफसलच्या दवाखान्यांत जात. पुढे पुण्यालाही अशी वैद्यकीय शाळा निघाली. तिचंच १९४६ मध्ये बी. जे. मेडिकल कॉलेज झालं. आता आपला प्रश्न इथे लावून बघा. लोकांच्या भाषेत शिकून लोकांच्या भाषेत बोलणारा तो असिस्टंट हुद्द्यानं खाली, पगारानं खाली. इंग्रजीवाला सर्जन वर. रुग्णाच्या भाषेच्या जितकं जवळ जावं तितका माणूस सरकारी उतरंडीत खाली, हा साचा तिथे पडला. तो अजून मोडलेला नाही.

या साच्याची किंमत किती जबर असते ते प्लेगनं दाखवलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. का? तर इस्पितळात नेतात ते मारायलाच, अशी अफवा होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या कारभारात गोरे सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. आजारी दिसला की इस्पितळात, घरचे विलगीकरणाच्या छावणीत. पुढे २२ जूनला काय झालं ते आपण सगळे शाळेत शिकलोय.

आपण ते शिकतो अत्याचार म्हणून, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात भाषेचाही एक धागा आहे. दारात उभा असलेला सोल्जर म्हातारीला कुठे नेतोय, किती दिवस, परत आणणार का, हे तिला तिच्या भाषेत सांगणारं कोणी असेल तर ती तपासणी. नसेल तर ती धरपकडच. मुंबईत पुढे प्रशासनानं वेगवेगळ्या समाजांना आपापली प्लेगची इस्पितळं काढू दिली. त्यामागे जात होती, सोवळंओवळं होतं, पडदा होता, ते काही लपवायचं कारण नाही. पण लोक तिथे गेले. खाटेशेजारचा माणूस आपलं बोलणं समजणारा आहे, हेही त्यात होतंच. आणि पुण्याजवळ सावित्रीबाई आणि त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होते. त्याच कामात १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या. तिथे दुभाष्याची गरजच नव्हती, कारण रुग्ण आपल्यातलाच होता.

स्वातंत्र्यानंतरचा शहरांतला भाग मी भराभर सांगतो, कारण तो तुम्ही पाहिलेला आहे. मुंबईच्या सरकारी, महापालिकेच्या रुग्णालयांत रुग्ण उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून येतात. नर्स केरळच्या. डॉक्टर अखिल भारतीय कोट्यातून कुठूनही आलेले. हे सगळं चालतं कसं? मावशी आणि मामांच्या जिवावर. "ओ मावशी, जरा इकडे या, ही काय बोलतेय बघा." फरशी पुसणारी मावशी हातातलं फडकं ठेवते आणि दोन मिनिटं वैद्यकीय दुभाषी होते. ती तेलुगू बोलते किंवा भोजपुरी, हे तिच्या नोकरीच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं. मंजूर पदांमध्ये समाजसेवा अधीक्षक सापडतो. दुभाषी हे पद मी पाहिलेल्या एकाही सरकारी रुग्णालयात नव्हतं.

कोणी म्हणेल, हिंदी सगळ्यांना येते की! येते, बाजारापुरती. भाव करण्याइतकी. पण मघाच्या त्या मुलाची आई बाजारपुरत्या हिंदीत पाळीबद्दल बोलेल का? भाजी घ्यायची भाषा आणि दुखणं सांगायची भाषा एक नसते.

आता गडचिरोली. इथे आपल्याला आपली बाजू बदलून बघावं लागतं. आतापर्यंत मराठी रुग्णाची भाषा होती. भामरागडला किंवा धारणीला मराठी ही सरकारची भाषा आहे. माडिया ही गोंडीच्या कुळातली, म्हणजे द्रविड भाषा. कोरकू तर मुंडा कुळातली, संथाळीची नातेवाईक. मराठी माणसाला ती "अशुद्ध मराठी" वाटते, हा निव्वळ आपला अडाणीपणा. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी बोलणारे जवळजवळ तीस लाख, आणि कोरकू बोलणारे सात लाखांहून जास्त नोंदले गेले आहेत.

२३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले आणि माडिया शिकले. ही एक वाट: डॉक्टरनंच भाषा शिकायची. ही सगळ्यात चांगली वाट आहे, पण त्यासाठी आयुष्य द्यावं लागतं. तीन वर्षांत बदली होणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून ती अपेक्षा धोरण म्हणून ठेवता येत नाही.

दुसरी वाट डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दाखवली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अभ्यास आला. वसा आणि अमिर्झा ही दोन गावं, ६५० स्त्रिया. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि यापूर्वी कधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के स्त्रियांची. हे आकडे जगभर गाजले. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. या बायका इतकी वर्षं गप्प का होत्या? त्यांना कोणी त्यांच्या शब्दांत, त्यांना लाज वाटणार नाही अशा माणसाकरवी विचारलंच नव्हतं. मघाच्या मुलासारखंच, प्रश्नच पोचला नव्हता. पुढे शोधग्राममध्ये दवाखाना बांधताना आदिवासींना विचारलं गेलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरं आली ती पांढऱ्या कपड्यांची, न कळणाऱ्या भाषेची, नातेवाइकांना बाहेर काढण्याची. म्हणून तिथे झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली गेली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ३९ गावांत, तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. त्याचं श्रेय प्रशिक्षणाला आहे, औषधाला आहे. पण ते शिकवणारी आणि औषध देणारी बाई त्या घरची भाषा बोलत होती, हे विसरून चालणार नाही.

या अनुभवांचा देशपातळीवरचा वारसा म्हणजे २००५ पासूनची आशा. ती गावातलीच असली पाहिजे, हा नियमच आहे. पण ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका. पगार नाही, मोबदला. मघाचा हॉस्पिटल असिस्टंट आठवतोय ना? साचा तोच.

आता जरा बाहेर जाऊ, कारण याच प्रश्नाला दुसऱ्या देशांनी वेगळी उत्तरं दिली आहेत. १९८० साली अमेरिकेत, फ्लोरिडामध्ये, क्युबन कुटुंबातला एक अठरा वर्षांचा मुलगा बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आला. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये सांगितलं, तो "इन्तॉक्सिकादो" आहे. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, काहीतरी खाण्यापिण्यातून बाधलंय. डॉक्टरांनी ऐकला तो इंग्रजी शब्द, म्हणजे नशा. अमली पदार्थांचे उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो कळायला दोन दिवस गेले. मुलगा वाचला, पण हातपाय कायमचे गेले. नुकसानभरपाई ठरली ती आयुष्यभराची मिळून सुमारे सात कोटी दहा लाख डॉलर. दुभाषी कोणी बोलावला नाही, कारण दोन्ही बाजूंना वाटलं की आपल्याला समजलंय. हे आपलं "पित्त"च आहे. शब्द अजिबात न कळणं परवडतं, तेव्हा माणूस निदान मदत मागतो. अर्धवट कळलेला शब्द जास्त धोक्याचा.

अमेरिकेत याला कायद्याचा आधार मिळाला तो नागरी हक्कांच्या चळवळीतून. १९६४ च्या कायद्यानं राष्ट्रीय मूळ बघून भेदभाव करायला बंदी केली. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी शाळकरी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भाषेचा प्रश्न त्या कायद्याशी जोडला. २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी तसा आदेश काढला. आणि २०१६ च्या आरोग्यविषयक नियमात स्पष्ट लिहिलं गेलं की तातडीची वेळ सोडली तर अल्पवयीन मुलाला दुभाषी म्हणून वापरायचं नाही. अर्थात असे हक्क कायमचे नसतात. क्लिंटन यांचा तो आदेश मार्च २०२५ मध्ये मागे घेतला गेला.

मुलाला दुभाषी करायचं नाही, हा नियम आला कुठून? त्यामागे पुरावा होता. २००३ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या एका अमेरिकी अभ्यासात १३ तपासण्यांची ध्वनिमुद्रणं तपासली. दुभाष्यांच्या चुका सापडल्या ३९६. त्यातल्या ६३ टक्के चुका उपचारावर परिणाम करू शकतील अशा. कुठे ॲलर्जीचा प्रश्नच गाळलेला, कुठे चेहऱ्यापुरतं लावायचं मलम सगळ्या अंगाला लावा म्हणून सांगितलेलं. रुग्णालयानं नेमलेल्या दुभाष्यांच्याही चुका झाल्या, पण हाताशी सापडलेल्या माणसांच्या चुका जास्त घातक निघाल्या. त्यात एक अकरा वर्षांचं भावंडही होतं.

ऑस्ट्रेलियानं १९७३ मध्ये वेगळी युक्ती काढली. टेलिफोनवरचा दुभाषी. डॉक्टरनं नंबर फिरवायचा, भाषा सांगायची, तिसरा माणूस फोनवर येतो. सरकारी खर्चानं. त्या काळी मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हतं. साधा काळा फोन होता. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची कधीच नव्हती. तिसऱ्या माणसाला कामावर ठेवायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात संमतीची व्याख्याच अशी आहे की रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि पद्धतीनं माहिती दिल्यानंतरची संमती. २०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेला जागा आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा वीस भाषांत चालते. जनगणनेनं मोजलेल्या मोठ्या भाषा १२१ आहेत, तरी वीस ही सुरुवात चांगलीच म्हणायची. पण बघा, रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगा, हे कागदावर आलं. सांगणार कोण, हे अजून रिकामंच आहे.

लोक म्हणतात, ओपीडीला एवढी रांग, दुभाष्याला वेळ कुठून आणायचा? मी उलटं विचारतो. ज्या बाईला पाळीचा प्रश्न विचारलाच गेला नाही, ती बरी न होता परत त्याच रांगेत येऊन उभी राहणार. किंवा येणारच नाही.

फार मोठं काही मागत नाही मी. केसपेपरवर नाव, वय, पत्ता लिहितो तिथे "भाषा" असा एक रकाना असावा. कोणत्या भाषेचे किती लोक येतात हे मोजलंच नाही तर पद मंजूर कसं होणार? ज्या मावशी, मामा, आशा हे काम आजही करतात त्यांना थोडं शिकवावं: जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं, आपलं घालायचं नाही, लाजेनं गाळायचं नाही, आणि ऐकलेलं गावात सांगायचं नाही. आणि त्या कामाचे पैसे द्यावेत. धारणीत कोरकू आणि भामरागडात माडिया येणं ही नोकरीसाठीची पात्रता मानावी.

शेवटी त्या मुलाकडे येतो. त्याच्या मनात त्या दिवशी काय राहिलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. आईला असलं काही विचारायचं नसतं, एवढीच त्याची समज, आणि ती चांगलीच समज होती. घरात त्याला कोणी शाबासकी दिली असती. त्या टेबलापाशी मात्र त्याच्यावर मोठ्या माणसाचं काम पडलं, आणि त्यानं आईची लाज राखली. तिची तब्येत राखण्याचं काम त्याचं नव्हतंच. ते आपलं होतं.

आशाताई त्या दिवशी रांगेतून पुढे गेल्या, डॉक्टरांना सांगितलं, आणि त्या बाईला परत आत बोलावलं गेलं. मुलाला बाहेर बाकावर बसवलं. या वेळी आत बराच वेळ बोलणं चाललं होतं. आशाताईंच्या त्या महिन्याच्या मोबदल्यात या कामाचा रकाना नव्हता.

थांबतो इथे.